जमिनीखालच्या भिंती आणि शाळेतील वही

नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा हे तापीकाठचे गाव. दरवर्षी दत्तजयंतीला तेथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि त्या यात्रेतील घोडेबाजारासाठी लांबलांबच्या प्रांतांतून माणसे येतात. घोडा पारखणारा जाणकार प्रथम त्याचे तोंड उघडून दात पाहतो आणि वयाचा अंदाज बांधतो. दातांवरून वय कळते. परंतु घोडा लाथाड आहे की गरीब, त्याचा दमसास किती, हे दातांवरून कळत नाही. त्यासाठी त्याला चालवून, पळवून पाहावे लागते. नुसत्या दातांवरून सगळेच सांगू लागणारा दलाल भेटला, तर शहाणे गिऱ्हाईक पुढे सरकते.

जमिनीच्या पोटात काय आहे हे वरून ओळखण्याच्या ज्या रीती विज्ञानाने शोधून काढल्या आहेत, त्यांनाही हाच न्याय लागू पडतो. चुंबकीय सर्वेक्षण ही त्यांपैकी एक रीत. तिच्याविषयी एक मत मला तुमच्यापुढे आणि तुमच्या शिक्षकांपुढे मांडायचे आहे. ते असे की, चुंबकीय सर्वेक्षणाची आकडेवारी फार मोलाची असली, तरी तिच्या शेजारी गावातील विहिरींची आणि कूपनलिकांची नोंद नसेल तर ती अर्धीच राहते. आणि ही उरलेली अर्धी माहिती आपण स्वतःच्या हातांनी फेकून देत आहोत.

गाळाखाली काय आहे?

सारंगखेड्याच्या शिवारात तुम्ही उभे राहिलात, तर पायाखाली असतो तो तापीने हजारो वर्षे आणून टाकलेला गाळ. त्याच्या खाली आहे महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला परिचित असलेला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त लाव्हारस वर आला, पसरला आणि थिजला. असे थरांवर थर साचून दख्खनचा हा खडक तयार झाला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे.

लाव्हा वर आला त्या भेगांचे पुढे काय झाले? त्यांच्यात उरलेला रस जागच्या जागीच थंड झाला. आडव्या थरांना छेदून जाणाऱ्या उभ्या दगडी भिंती त्यातून निर्माण झाल्या. भूविज्ञानात अशा भिंतीला डाइक म्हणतात. मराठीत तिला भित्ती असे नाव आहे. नंदुरबार आणि धुळे हे जिल्हे अशा डाइकांसाठी प्रसिद्ध आहेत. रंजिनी रे, हेतू शेठ आणि ज्योतिर्मय मलिक यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या भागातील २१० डाइकांची पाहणी दिली आहे. त्यांतील काही ३ मीटर जाडीचे, तर एखादा ६० मीटरांहूनही जाड आहे. आणि साक्री-धुळे-पारोळे या बाजूला गेलेला एक डाइक ७९ किलोमीटर लांबीचा आहे. बहुतेकांचा रोख ढोबळमानाने पूर्व-पश्चिम आहे.

उघड्या माळावर डाइक ओळखणे अवघड नसते. भोवतालचा खडक झिजून जातो आणि डाइक दगडांच्या लांबलचक धारेसारखा उभा राहतो. परंतु हीच भिंत नदीच्या गाळाखाली शिरली की डोळ्यांना दिसेनाशी होते. ती तेथे संपली, वळली, की गाळाखालून तशीच पुढे गेली? या प्रश्नाचे उत्तर केवळ अभ्यासकांनाच हवे असते असे नाही. ते शेतकऱ्यालाही हवे असते, कारण भूजलाच्या वाटेत डाइक आडवा आला, तर तो जमिनीखालच्या बंधाऱ्याचे काम करू शकतो. अशा वेळी वरच्या अंगाच्या विहिरीला भरपूर पाणी आणि दोन शेते सोडून खालच्या अंगाची विहीर कोरडी, असा प्रकार घडतो. लोक त्याला नशीब म्हणतात. पुष्कळदा ते नशीब नसून दगड असतो.

पाषाणातील लोहचुंबक

एक सोपा प्रयोग करा. लोहचुंबक कागदात गुंडाळा आणि नदीच्या कोरड्या वाळूतून फिरवा. कागदाला काळे बारीक कण चिकटतील. हे बहुतांशी मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात. बेसॉल्टमध्ये हे खनिज थोड्या प्रमाणात असतेच, आणि खडक झिजला की ते वाळूत येते. म्हणजे तुमच्या गावचा काळा दगड हा एक अशक्त लोहचुंबकच आहे.

पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र सगळीकडे आहे. ते मोजण्याचे एकक नॅनोटेस्ला. खानदेशात या क्षेत्राची तीव्रता सुमारे ४५ हजार नॅनोटेस्ला भरते. जमिनीखाली जास्त चुंबकीय खडक असेल, तर त्याचे स्वतःचे क्षेत्र या आकड्यात मिसळते आणि आकडा काही दहांनी, कधी शेकड्यांनी वरखाली होतो. अपेक्षेहून आलेल्या या फरकाला चुंबकीय विसंगती म्हणतात. सर्वेक्षक एका सरळ रेषेत ठरावीक अंतरावर थांबत जातो, प्रत्येक ठिकाणी वाचन घेतो आणि आलेख काढतो. डाइकावरून रेषा गेली की आलेखात उंचवटा किंवा खळगा दिसतो. हेच काम विमानात उपकरण बसवून केले, तर हजारो चौरस किलोमीटरांचा नकाशा तयार होतो.

हे मोजणारे एक उपकरण मोठे गमतीदार आहे. त्याला प्रोटॉन चुंबकत्वमापक म्हणतात. त्यात रॉकेलसारखा, हायड्रोजन भरपूर असलेला द्रव एका बाटलीत भरलेला असतो. बाटलीभोवतीच्या तारेतून क्षणभर वीज सोडली की हायड्रोजनच्या अणुकेंद्रांतील काही प्रोटॉन एका दिशेने वळतात. वीज बंद केली की ते पृथ्वीच्या क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे डुलू लागतात. हे डुलणे किती जलद, हे पूर्णपणे क्षेत्राच्या तीव्रतेवर अवलंबून असते. ४५ हजार नॅनोटेस्ला क्षेत्रात ते सेकंदाला सुमारे १,९०० वेळा डुलतात. डुलणे मोजले की क्षेत्र कळले.

वाचनातील भेसळ

इतके सोपे असते, तर हा लेख येथेच संपला असता. परंतु उपकरण फक्त आकडा देते. तो आकडा कशामुळे आला हे ते सांगत नाही.

पहिली भेसळ माणसाच्या लोखंडाची. मोटारपंप, तारेचे कुंपण, विजेची लाइन, कूपनलिकेतील लोखंडी नळी, खिशातील किल्ल्या, या सर्वांचा परिणाम वाचनावर होतो. घोडेबाजार भरतो त्या मैदानात पडलेली एखादी नालसुद्धा उपकरणाच्या अगदी जवळ आली, तर वाचन बिघडवील.

दुसरी भेसळ आकाशातून येते. सूर्यामुळे वरच्या वातावरणात विजेचे प्रवाह वाहतात आणि चुंबकीय क्षेत्र दिवसभरात काही दहा नॅनोटेस्लांनी बदलत राहते. सौर वादळ आले तर विचारूच नका. २ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद आहे. अशा दिवशी कोणी शेतात सर्वेक्षण करू लागला, तर त्याला जागोजागी नसलेले डाइक सापडतील! म्हणून फिरत्या उपकरणाबरोबर एक उपकरण एकाच जागी ठेवतात आणि त्याच्या वाचनावरून दुरुस्ती करतात. कुलाब्याची ही वेधशाळा १८४१ पासून चुंबकीय वाचने घेत होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाचा उपद्रव टाळण्यासाठी १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली. आकड्यांची शुद्धता राखण्यासाठी खाडीपलीकडे बिऱ्हाड हलवणाऱ्या त्या लोकांची चिकाटी आपण लक्षात ठेवली पाहिजे.

तिसरी अडचण खडकाच्या आठवणीची आहे. लाव्हा थिजताना, म्हणजे मॅग्नेटाइटचे तापमान सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली येताना, त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा खडकात कोरली जाते. त्या काळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. शिवाय दख्खनचे बरेचसे थर थिजले तेव्हा पृथ्वीचे उत्तर व दक्षिण चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते. त्यामुळे एका डाइकावर आलेखात उंचवटा येईल, तर दुसऱ्यावर खळगा. भोवतालचा खडकही बेसॉल्टच असल्याने दोघांतील फरक कधी ठळक असतो, कधी अगदी पुसट. खानदेशात एक गोष्ट मात्र आपल्या सोयीची आहे. आपल्या अक्षांशावर पृथ्वीचे क्षेत्र जमिनीकडे थोडेसेच कललेले असते. अशा ठिकाणी दक्षिणोत्तर भिंती चुंबकाला नीट जाणवत नाहीत, पूर्व-पश्चिम भिंती चांगल्या जाणवतात. आणि येथील बहुतेक भिंती पूर्व-पश्चिमच आहेत.

एक आलेख, अनेक उत्तरे

सर्वांत मोठी अडचण मात्र याहून मूलभूत आहे. ती समजण्यासाठी वर्गात हा खेळ करा. पुठ्ठ्याच्या खोक्यात वाळू भरा आणि एका गटाने तीत लोहचुंबक पुरून ठेवा. दुसऱ्या गटाने खोक्यावर दर दोन सेंटिमीटरला होकायंत्र ठेवून सुई किती अंश वळते ते लिहावे आणि आलेख काढावा. मग त्यांना विचारा, चुंबक किती खोल आहे? नंतर पहिल्या गटाने वेगळी मांडणी करावी. कधी मोठा चुंबक खोल पुरावा, कधी लहान चुंबक शेजारी शेजारी उथळ ठेवावेत. तुमच्या लवकरच लक्षात येईल की, निरनिराळ्या मांडण्यांपासून जवळजवळ सारखेच आलेख मिळू शकतात.

वर्गातील होकायंत्र ढोबळ आहे म्हणून असे होते, असे समजू नका. जगातील उत्तमोत्तम उपकरण आणले तरी हा प्रश्न सुटत नाही. खोलवरचा जास्त चुंबकीय खडक आणि उथळ पसरलेला कमी चुंबकीय खडक यांची विसंगती सारखी असू शकते, हे गणितानेच सिद्ध होते. संगणक एका आलेखावरून जमिनीखालचे सुबक रंगीत चित्र काढून देतो. परंतु त्याच आलेखात बसणारी दुसरी चित्रेही असतात, हे त्या चित्रावर लिहिलेले नसते.

पाण्याचे काय? पाण्याला चुंबकाची ओढ जवळजवळ नाहीच. म्हणून चुंबकत्वमापक पाणी दाखवीत नाही. दाखवील तर भिंत दाखवील. ती भिंत सलग असेल तर पाणी अडवील. तिच्या कडा भेगाळलेल्या असतील तर त्याच भेगांतून पाणी वाहू देईल. दोन्ही डाइकांचा चुंबकीय आलेख सारखाच येऊ शकतो. पाणाड्याच्या हातातील काठीवर विश्वास ठेवू नका, असे आपण विज्ञानाच्या तासाला शिकतो. पण काठीच्या जागी आकडे दाखवणारे यंत्र आले की आपण लगेच मान डोलावतो. यंत्राला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते देऊ शकते काय, हे न पाहता ठेवलेला विश्वास हाही अंधविश्वासच. आणि त्याची किंमत कर्ज काढून कूपनलिका खोदणारा शेतकरी मोजतो.

हरवलेल्या दगडांची गोष्ट

मग या कोड्यातून सुटका कशी होते? याचे सुंदर उदाहरण मेक्सिकोत घडले, आणि ते आपल्या दख्खनच्या काळाशीच निगडित आहे.

१९७८ साली ग्लेन पेनफील्ड हे भूभौतिकतज्ज्ञ मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीसाठी युकातान द्वीपकल्पाजवळच्या विमान-सर्वेक्षणाची चुंबकीय आकडेवारी पाहत होते. समुद्रतळाखाली त्यांना एक प्रचंड, कमानीसारखी विसंगती दिसली. गुरुत्वाकर्षणाच्या जुन्या नकाशात जमिनीच्या बाजूला तशीच दुसरी कमान होती. दोन्ही जुळवल्यावर वर्तुळ झाले. हे अशनीच्या आघाताचे विवर असावे, असे पेनफील्ड व त्यांचे सहकारी अंतोनियो कामार्गो यांनी १९८१ साली एका परिषदेत सांगितले. परंतु जगाने फारसे लक्ष दिले नाही. कारण नुसत्या आकड्यांवरून ते वर्तुळ जुन्या ज्वालामुखीचेही असू शकले असते.

या कंपनीने तेथे पूर्वी तेलासाठी विंधन केले होते आणि वर आलेला खडक ज्वालामुखीचा समजला गेला होता. त्या खडकाचे नमुने हरवले असाच समज होता. १९९० साली ॲलन हिल्डेब्रँड हे संशोधक पेनफील्ड यांना भेटले, आणि नमुन्यांपैकी काही सापडले. त्यांत प्रचंड आघाताच्या खुणा असलेले क्वार्ट्झचे कण होते. १९९१ साली शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे चिक्शुलूब विवर जगाला ठाऊक झाले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच काळातील हा आघात. डायनोसॉरांच्या अंताशी त्याचा संबंध आज सर्वत्र शिकवला जातो.

चुंबकीय आकडेवारीने जागा दाखवली. निकाल दिला तो विंधनातून आलेल्या मूठभर दगडांनी. ते दगड कोणी तरी जपून ठेवले नसते तर?

महाराष्ट्रातही हाच अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे ६१७ मीटर खोल विंधन केले, तेव्हा बेसॉल्टची जाडी ३३८ मीटर आहे हे प्रत्यक्ष कळले. अशा एका भोकाच्या आधाराने मग भोवतालच्या मैलोगणती प्रदेशातील मोजमापांना अर्थ लावता येतो.

वही कशासाठी?

आता आपल्या गावाकडे या. खानदेशात दरवर्षी किती तरी कूपनलिका खोदल्या जातात. प्रत्येक कूपनलिका हे एक विंधनच आहे. यंत्राच्या तोंडातून खडकाची भुकटी बाहेर उडते. कधी राखाडी, कधी काळी, कधी दोन लाव्हाथरांमधली तांबडी. किती खोलीवर गाळ संपला, किती खोलीवर रंग बदलला, पाणी कोठे लागले, हे सर्व त्या दिवशी तेथे उभ्या असलेल्या माणसांना दिसते. दुसऱ्या दिवशी भुकटी वाऱ्यावर जाते. वर्षभराने मालकाला फक्त एकूण खोली आणि झालेला खर्च आठवतो. चिक्शुलूबचे नमुने निदान अपघाताने हरवले होते. आपले आपण रोज हरवतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, प्रत्येक गावच्या माध्यमिक शाळेने एक विहीर-वही ठेवावी. गावात कूपनलिका किंवा विहीर खोदली जाईल तेव्हा मालकाच्या संमतीने तारीख, गट क्रमांक, एकूण खोली, दर तीन मीटरला भुकटीचा रंग आणि पाणी लागल्याची खोली लिहावी. शक्य असेल तेथे प्रत्येक टप्प्याची चिमूटभर भुकटी कागदाच्या पुडीत घालून, वर खोली लिहून, प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवावी. लोहचुंबक फिरवून कोणत्या पुडीतील कण अधिक चिकटतात तेही नोंदवावे. कोरडी गेलेली कूपनलिका तर आवर्जून लिहावी, कारण माणसे अपयश लपवतात आणि नकाशाला त्याचीच गरज असते. शिवाय गावातील चार-पाच ठरलेल्या विहिरींची पाणीपातळी दर मे आणि ऑक्टोबर महिन्यात मोजावी. हे काम शिक्षकांनी किंवा मोठ्या माणसांनी स्वतः करावे. विद्यार्थ्यांनी काठावर वाकू नये, बाजूला उभे राहून आकडे लिहावेत.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हे काम सरकारी खात्यांचे आहे. खरे आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण नकाशे करते, त्यांपैकी अनेक आता ‘भूकोश’ या संकेतस्थळावर पाहता येतात, आणि राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. पण गावातील प्रत्येक यंत्रापाशी खात्याचा माणूस उभा राहू शकत नाही. तेथे गावच हजर असते. दुसरा आक्षेप शिक्षकांचा, की अभ्यासक्रमातच वेळ पुरत नाही. त्यांना मी नम्रपणे विचारीन की, निरीक्षण, नोंद, आलेख, अनुमान आणि अनुमानाची मर्यादा हे सगळे एकाच वहीत शिकवणारा दुसरा प्रयोग कोणता?

आणखी कोणी म्हणेल, चुंबक पाणी दाखवीत नसेल तर सर्वेक्षण तरी कशाला हवे? तर त्याचे उत्तर असे: विहीर फक्त एका बिंदूवरचे खरे सांगते, दोन विहिरींच्या मध्ये काय आहे ते तिला ठाऊक नसते. चुंबकीय सर्वेक्षण मधली रेषा जोडून देते, पण ती रेषा कशाची आहे हे त्याला ठाऊक नसते. एका विहिरीने भिंत ओळखली आणि सर्वेक्षणाने तीच भिंत गाळाखालून तीन गावे पुढे दाखवली, तर चौथ्या गावच्या शेतकऱ्याला कूपनलिका कोठे खोदू नये एवढे तरी सांगता येईल. कोठे खोदू नये हे कळणे हीसुद्धा कोरडवाहू मुलखात लहान गोष्ट नाही.

तेव्हा उद्या तुमच्या शिवारात कूपनलिकेचे यंत्र धडधडू लागले, तर कान झाकून दूर जाऊ नका. शिक्षकांना सांगा, मालकाची परवानगी घ्या, आणि सुरक्षित अंतरावर वही उघडून बसा. वहीत पहिली नोंद करा, आणि तिच्या शेजारी खोली अचूक लिहायला विसरू नका.